बैठकीत चहाऐवजी कॉफी

कॉफीचं मशीन मी माझ्या पगारातून घेतलं होतं. तेव्हा कोपरगावला सासरी होते, कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी करायचे. नवऱ्याला ते पहिल्या दिवसापासून खुपलं. "चहा काय मेलाय का?" म्हणून आधी नुसता हसायचा. मग एका सकाळी त्यानं त्याच मशीनची वायर उपटून माझ्या पाठीवर ओढली. कारण काय, तर त्याच्या चहाआधी माझी कॉफी झाली. एवढंच!

मी मशीन काखेत मारलं, कपड्यांची पिशवी घेतली आणि एसटीनं देवळाली प्रवराला माहेरी आले. आईनं पाठ बघितली आणि तोंडाला पदर लावला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान फिरवली. "तापट हाय, पन मनानं वाईट न्हाई. व्हतंय संसारात," म्हणाले. मी म्हटलं, आबा, वळ तरी बघा! तर ते उसाला पाणी धरायला निघून गेले.

असला संताप आला होता मला. त्या संतापातच मशीन लावायला बसले. चौकातल्या इलेक्ट्रिशियनकडून नवी वायर टाकून घेतली, ओट्यावर मिक्सरशेजारी जागा केली. पहिली कॉफी नुसती खारट झाली. बोअरचं पाणी, दुसरं काय होणार? मग प्यायच्या जारमधलं ओतलं. बिया पिठासारख्या बारीक दळल्या, तर कागदाची गाळणी तुंबून सगळं ओट्यावर. रव्यासारखी जाडसर पूड काढली तेव्हा कुठं धार नीट पडायला लागली. मध्येच मला बरं वाटावं म्हणून आईनं मशीनच्या पाण्याच्या टाकीत दूध, साखर आणि किसलेलं आलं ओतून बटण दाबलं. आमच्याकडं चहा असाच होतो, सगळं एकदम पातेल्यात. दूध आत करपलं, घरभर वास सुटला. मी आईवर अशी खेकसले की तिच्या हातातला चमचा पडला. नंतर आम्ही दोघी लिंबाचं पाणी सोडून सोडून मशीन धूत बसलो. धुता धुता ती हळूच म्हणाली, "तू परत जाऊ नगं." पण आमच्या घरात शेवटचा शब्द आबांचा.

नवरा आला तो त्याच्या मामाला आणि दोन वजनदार माणसांना घेऊन. ओसरीत सतरंजी टाकली, बैठक बसली. नवऱ्यानं कान धरले, "चुकलं, पुन्यांदा न्हाई व्हनार," म्हणाला. आबांचा चेहरा लगेच सैल. आमच्याकडं अशा बैठकीत पोरीनं स्वतःच्या हातानं चहा आणला की ती नांदायला तयार, असं धरतात. मग तिला कुणी काही विचारत नाही, बॅग भरायची आणि गाडीत बसायचं. आबांनी हाक मारलीच, "बाई, चहा आन गं!"

आईनं चहाचं पातेलं चढवलं होतं. मी गॅस बंद केला. मशीनमध्ये पाणी ओतलं, पूड टाकली. त्या दिवशी कॉफी अशी झकास उतरली की वास थेट ओसरीपर्यंत गेला. ते काचेचं भांडं तसंच नेऊन मी नवऱ्यापुढं ठेवलं.

"ह्यो चहा न्हाई," मी म्हटलं. "आनी मी येनार न्हाई."

त्यानं एकदा मामाकडं बघितलं. मग भांडं उचललं आणि माझ्यावर फेकलं. उकळती कॉफी मानेवर, खांद्यावर. भांडं मागच्या भिंतीवर फुटलं. अशी आग झाली की मी गुरासारखी ओरडले. तेवढ्यात त्यानं माझे केस धरले. "चार मानसांत इज्जत काढती व्हय, रांडे?"

आई दारामागून उसाचं टिपरू घेऊन आली आणि तिनं त्याच्या मनगटावर असं हाणलं की केस सुटले. दुसरा टोला तोंडावर बसला. ओठ फाटला, रक्त शर्टावर आलं. मामा मध्ये पडले, त्यांनाही मिळालं. गाडी सुरू होईपर्यंत ती हाणत होती. खरं सांगते, मला लई बरं वाटलं.

आबा मात्र सतरंजीवरून हलले नव्हते.

नंतर मानेला ओलं फडकं गुंडाळून त्यांनी मला मोटरसायकलवर दवाखान्यात न्यायला घेतलं. गावाबाहेर आल्यावर मागं न बघता म्हणाले, "आसंच करायचा व्हय गं त्यो?"

"न्हाई आबा. तिथं दार लावून करायचा. इथं तुमी सगळे हुता म्हनून लवकर थांबला."

त्यांनी उसाच्या कडेला गाडी थांबवली. उतरले आणि स्वतःच्याच थोबाडीत मारायला लागले. काडकाड, एकामागून एक. टोपी मातीत पडली. जाणारा ट्रॅक्टर थांबला, माणसं बघायला लागली. आबा रडत होते आणि मारत होते.

मी त्यांचा हात धरला नाही.