रविवारच्या वड्या

देवासच्या शशिकलाबाई विकतचं मीठसुद्धा चाखूनच बरणीत भरत. दर रविवारी सकाळी मागच्या अंगणात त्या मुंडीच्या मटणात मक्याचं पीठ शिजवून, ताटात थापून वड्या पाडत आणि अंघोळीला जात. आल्यावर नाश्त्याला तळायला घ्याव्यात, तर वड्या हमखास कमी!

संशय सुनेवर. उर्वशी शाकाहारी माहेरची.

“कुत्र्याला घालतेस ना गं?”

“नाही हो आई, कसम से!”

स्वतःच्या नवऱ्याचा प्रश्नच नव्हता, अशोकराव माळकरी.

या रविवारी बाईंनी न्हाणीघरात नळ सोडला आणि तशाच मागे आल्या. एरवी अंगणातल्या खिळ्याला टांगलेला मटणाचा वेगळा तवा चुलीवर चरचरत होता, अशोकराव वडी उलटत होते, आणि त्याच खिळ्याला त्यांची तुळशीची माळ लटकत होती.

दुपारी बाईंनी माळेसाठी शेजारी दुसरा खिळा ठोकला. मग हातोडी न ठेवताच सुनेकडे वळल्या, “तुला ठाऊक होतं, होय ना?”