गायीचं पथ्य

लोणीमामांचा जन्म गेला गोठ्यात आणि लोणी गेलं पोटात. साठी ओलांडल्यावर छातीत कळ आली, तेव्हा डॉक्टरांनी लोणी बंद केलं. मामांनी शांतपणे विचार करून पथ्य गायीला लावलं. सुकी वैरण कमी केली, हिरवा चारा वाढवला, वर रोज भरडलेल्या जवसाची एक ओंजळ. गाय खाते तशी दुधातली चरबी होते, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं आणि ते खरंही होतं.

"अहो, दुखणं तुमचं आणि पथ्य त्या मुक्या जनावराला?" मामी म्हणाल्या.

"ती कुरकुर करत नाही."

काही आठवड्यांत लोणी पिवळं आणि इतकं मऊ झालं, की थंडीतही त्याचा घट्ट गोळा होईना. मामा वाटी घेऊन दवाखान्यात गेले.

"चरबी पहिल्यापेक्षा बरी आहे, मामा," डॉक्टर म्हणाले, "पण आहे चरबीच. दिवसाला एक चमचा, बस्स."

मामा गड जिंकल्यासारखे घरी आले. मामींनी मिठाच्या बरणीतला चमचा काढून पुढ्यात ठेवला.

"हा चमचा?"

"डॉक्टरांनी माप कुठं सांगितलंय?"

मामांनी तेवढं लोणी चाटूनपुसून खाल्लं. संध्याकाळी गायीपुढे मात्र जवसाच्या दोन ओंजळी पडल्या.