टेपवाल्या काकांचा कान

गिऱ्हाईकानं टेप चालू केली की टेपवाले काका मागे वळूनही न बघता तिचं दुखणं सांगत. "हेड घाण झालंय," नाहीतर "मोटर गेली, खर्चा लागंल." नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं टपरीएवढं टेप दुरुस्तीचं दुकान. पुढं टेप गेल्या, काका मोबाइलचे चार्जर विकू लागले. पण काउंटरखालचा एक जुना टेपरेकॉर्डर चालूच असायचा आणि त्यावर एकच बाई गायच्या. बाईंचं नाव मी सांगणार नाही. त्यांच्या चाहत्यांचा ग्रुप अजून आहे आणि मला त्यात राहायचं आहे.

बाई गायला लागल्या की काका हातातलं काम खाली ठेवत. "ऐकताना हात चालले तर अर्धंच ऐकू येतं, बेटा," असं म्हणत. गिऱ्हाईक ताटकळे. काकू गेल्या, मुलगा पुण्याला गेला, आणि सोबत ऐकणारं कुणी उरलं नाही. बियाण्यांच्या कंपनीतून सुटलो की मीच कधीमधी जाऊन बसे. त्यांचं एकटेपण बघवेना म्हणून मी त्यांना त्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलं. ते पाप माझं.

ग्रुपची शिस्त कडक. दर रविवारी सकाळी अॅडमिन, एक निवृत्त प्राध्यापक, बाईंचं एक गाणं टाकत. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी त्याचं रसग्रहण लिहायचं, आणि 'छान' या शब्दाला बंदी. काकांनी पहिल्याच रविवारी लिहिलं, "लई छान. दोनदा ऐकलं." लगेच समज मिळाली. "मंग छान गाण्याला म्हणावं काय?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांना 'आशयघन' लिहायला शिकवलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. तरी काका खूश होते. एवढी माणसं आपल्या बाईंना ऐकतात, याचं त्यांना कोण कौतुक!

मग एका रविवारी प्राध्यापकांनी बाईंच्या एका मैफलीचं दुर्मीळ ध्वनिमुद्रण टाकलं. आवाज जड, खालचा, रेंगाळणारा. 'उत्तरकाळातली विरक्ती', असं त्यांनी वर लिहिलं होतं, आणि दुपारपर्यंत सगळ्यांना विरक्ती सापडली. मलाही सापडली. मी तर तीन परिच्छेद लिहिले. काकांनी लिहिलं, "सर, तुमच्या टेपचा बेल्ट ढिला झालाय. बाई बराबर गायल्यात, टेप हळू चालून राह्यली." त्याच मैफलीची कॅसेट त्यांच्याकडे होती. ती वाजवून त्यांनी खरा आवाजही पाठवला.

तो कुणी ऐकला असेल असं मला वाटत नाही. "मेकॅनिकचा कान यंत्रापर्यंतच पोचतो," असं प्राध्यापकांनी उत्तर दिलं. त्याखाली टाळ्यांची रांग लागली. मीही टाळी टाकली. काकांनी माफी मागावी, नाहीतर ग्रुप सोडावा, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला समोर बसवून दोन्ही आवाज ऐकवले. "तुला तरी फरक कळला ना?"

स्वच्छ कळला होता. पण माझे तीन परिच्छेद आडवे आले. "एवढी शिकलेली माणसं म्हणतात काका, तर काहीतरी असेल," मी म्हणालो.

काकांनी कॅसेट काढून खोक्यात ठेवली. मग म्हणाले, "असंल बाबा. ग्रुपातून निघालो तर बाईंबद्दल बोलू कोणासंग?"

त्यांनी माफी मागितली. मजकूर मीच सांगितला.

महिन्याभरानं गेलो तेव्हा टेपरेकॉर्डर उघडा पडला होता. मोटरचा स्क्रू पिळून काकांनी आपली ठणठणीत टेप हळू करून ठेवली होती आणि बाई घोगऱ्या आवाजात रेंगाळत होत्या. "आठ दिवसांपासून ऐकून राह्यलो," काका म्हणाले. "पहिल्यांदा काहीच न्हाई कळलं. आता थोडी थोडी विरक्ती समजायला लागली." चेष्टा करताहेत का म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते. तो स्क्रू मी तिथल्या तिथं सरळ करायला हवा होता. मी चहा प्यालो आणि निघून आलो.

त्याच उन्हाळ्यात काका गेले. ग्रुपवर प्राध्यापकांनी चार ओळी लिहिल्या: 'शेवटच्या काळात त्यांची जाण प्रगल्भ होत गेली होती.' खाली ओळीनं जोडलेले हात आहेत. त्यात माझेही आहेत.