जिना झाडायची पाळी

"काकू, त्या कोपऱ्यात राहिलंय बघा."

मी जिन्यात गुडघे टेकून बसले होते. हातात ओलं फडकं. वरच्या मजल्यावरची बाई माझ्या डोक्यावर उभी. मराठी. पुण्याची. बरोबर दोन पाहुण्या, त्याही मराठी, जेवायला आलेल्या. बर्फातून आल्या होत्या. त्यांच्या बुटांचा चिखल मी आत्ताच पुसलेल्या पायऱ्यांवर.

एक पाहुणी म्हणाली, "अगंबाई, जर्मनीत मोलकरीण? कुठं मिळाली?"

वरची बाई हसली. "मोलकरीण कसली गं, या खालच्या नितीनच्या आई. करू दे त्यांना. त्यांच्यात ते रक्तातच असतं. आपण कितीही घासलं तरी असं जमत नाही."

तिघी हसल्या. मग दुसरीनं आपला लांब कोट दोन्ही हातांनी वर धरला आणि माझ्या बाजूनं वर गेली. कोट मला लागू नये म्हणून. ते सावरणं मी ओळखते. लहानपणी आईबरोबर केरसुण्या विकायला गेल्यावर बायका पदर असाच सावरायच्या.

माझा मुलगा आमच्या दारात उभा होता. नातीला पोहायला घेऊन निघाला होता. त्यानं सगळं ऐकलं.

तोही हसला.

मी जातीनं मांग. आमची आई शिंदीच्या पानांच्या केरसुण्या वळायची. दिवाळीला तीच केरसुणी लोक लक्ष्मी म्हणून पाटावर मांडत, हळदकुंकू वाहत. ती वळणारीनं मात्र ओट्याखाली उभं राहायचं. माझी शाळा चौथीत सुटली. लग्नानंतर नवरा आणि मी दोघंही नगरपालिकेच्या झाडूखात्यात. मी तीस वर्षं रस्ते झाडले. मुलगा शिकला, इंजिनियर झाला, जर्मनीत गेला. स्टुटगार्टला मोटारींच्या कारखान्याला सामान पुरवणाऱ्या कंपनीत लागला. नवरा वारल्यावर तो मला दर हिवाळ्यात तीन महिन्यांच्या व्हिसावर बोलावू लागला. सूनही नोकरीला. घरात कुणीतरी हवं.

तीन महिने म्हणजे काय ते सांगते. साडेचारला अंधार. खिडकीतून दिसतो एक ट्रामचा थांबा आणि समोरची भिंत. बोलायला कुणी नाही. नऊ वर्षांची नात माझं मराठी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. मी मान हलवते. ती पण हलवते. असा आमचा दिवस जायचा.

पहिल्या खेपेला एक गोष्ट घडली. एका सोमवारी दार उघडलं तर दाराला एक लाकडी पाटी टांगलेली. त्यावर बादली आणि झाडू रंगवलेला. खाली काही अक्षरं, ती मला येत नव्हती. वाटलं, कळलं यांना. इतक्या लांब येऊनही कुणीतरी शोधून काढलं आणि दारावर खूण केली. मी पाटी काढली आणि माझ्या गादीखाली लपवली. मुलाला सांगितलं नाही. त्याला लाज वाटेल, तो ऑफिसात मान खाली घालेल, असं मला वाटलं.

आठवड्यानं तळमजल्यावरची जर्मन म्हातारी दारात आली. पायऱ्यांकडे बोट दाखवून तडतड बोलली. मुलगा सारखा "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, बरोबर, म्हणत होता. ती गेल्यावर त्यानं विचारलं, "आई, इथं पाटी होती. कुठं गेली?"

मी गादी उचलून दाखवली.

तो डोक्याला हात लावून बसला. मग म्हणाला, "अगं, ती केरवोखेची पाटी. इथली रीत आहे. जिना, तळघर, दारापुढचा रस्ता, एकेक आठवडा एकेका घरानं झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी. आठवडा झाला की पुढच्या दारावर लावायची."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

"पहिल्या मजल्यावर डॉक्टर राहतो ना? तो?"

"तोपण."

मला खोटं वाटलं. त्याची पाळी आली त्या शनिवारी मी दाराच्या भिंगातून पाहिलं. डॉक्टर पिवळे हातमोजे घालून पायरी पुसत होता. कोपरे नीट काढत होता. मी कितीतरी वेळ बघत राहिले. तीस वर्षं मी झाडलं. माझ्यानंतर कुणाचीच पाळी कधी आली नाही. ज्या देशात डॉक्टर आपल्या हातानं जिना पुसतो तिथं माझा मुलगा आला, हे बरं झालं असं त्या दिवशी मला वाटलं. त्यानंतर आमच्या पाळीला मीच झाडायची. कुणी सांगितलं नव्हतं. आवडायचं म्हणून.

यंदा वरच्या मजल्यावर हे पुण्याचे लोक राहायला आले. तिचा नवरा माझ्या मुलाचा साहेब. पहिल्या आठवड्यात तिनं चहाला बोलावलं. चांगल्या कपात चहा दिला. मग विचारायला लागली. "गाव कोणतं? आडनाव हेच लावता? गावात घर कुठल्या बाजूला? मिस्टर कुठं होते?"

मला खोटं बोलायची सवय नाही. म्हणाले, "नगरपालिकेत. झाडूखात्यात. मीपण तिथंच."

"हो का? नितीन म्हणाला होता, तुम्ही ऑफिसात होता."

एवढंच म्हणाली. पुन्हा चहाला बोलावणं आलं नाही.

आमची पाळी झाली आणि मी पाटी वर तिच्या दारावर लावून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी परत आमच्या दारावर. मला वाटलं, चुकलं असेल. मुलगा म्हणाला, "आई, त्यांची कंबर दुखतेय. त्यांनी मला विचारलंय. एवढा आठवडा कर. त्यांच्या नवऱ्याच्या हाताखाली आहे मी."

केलं. बर्फ पडला होता. सकाळी सातच्या आत दारापुढचा बर्फ काढावा लागतो, नाहीतर कुणी घसरलं तर भरपाई पाळीच्या घरावर येते. थंडीनं बोटं वळत नव्हती. ती खिडकीतून बघत होती. कंबर सरळ होती तिची.

पुढच्या खेपेला आमचा आठवडा संपला तरी पाटी तिच्या दारावर गेलीच नाही. आमच्याच दारावर राहिली. त्याच आठवड्यात त्या पाहुण्या आल्या. ते सुरुवातीला सांगितलं.

मुलगा हसला तेव्हा नात माझ्याकडे बघत होती. तिनं बापाला जर्मनमध्ये काही विचारलं. त्यानंही जर्मनमध्ये उत्तर दिलं, पण तिच्याकडे न बघता. मला शब्द कळले नाहीत. खोटं बोललेलं कळलं. लहानपणी खोटं बोलताना तो असाच चपलेकडे बघायचा.

मी फडकं तिथंच पायरीवर टाकलं. उठले. गुडघे धरले होते, कठड्याला धरून उठले. नातीला म्हणाले, "तुझी आजी रस्ते झाडायची. तीस वर्षं. नगरपालिकेचे. ऑफिसात नव्हते मी. आणि हे रक्तात नसतं. आपल्याला दुसरं काही करू देत नव्हते, म्हणून केलं."

मुलगा म्हणाला, "आई, तिला कशाला सांगतेस?"

"तू सांगितलं नाहीस म्हणून."

दारावरची पाटी काढली आणि वर गेले. पाटी तिच्या दाराला अडकवली. मग बेल वाजवली. तिनं दार उघडलं. आत ताटं मांडली होती.

"काकू, हे काय?"

"तुमची पाळी."

"अहो, पण माझं नितीनशी बोलणं झालंय."

"नितीनची पाळी मागच्या आठवड्यात झाली."

ती पाहुण्यांकडे बघून हसली. "एवढं काय मनाला लावून घेता? आम्ही असलं काही मानत नाही हं. कुठलंच काम हलकं नसतं."

"मग करा," मी म्हणाले. आणि खाली आले.

त्या दिवसापासून मुलगा माझ्याशी नीट बोलला नाही. कामापुरतं बोलायचा. सून ताट वाढून आपल्या खोलीत जायची. मी खिडकीशी बसायची. ट्राम यायची, माणसं उतरायची, माना खाली घालून निघून जायची. परदेशात आपल्याच घरात कुणी बोललं नाही की माणूस किती एकटं पडतं ते तिथं कळलं.

चार आठवड्यांनी पाटी पुन्हा तिच्या दारावर लागली. तिथंच राहिली. मला वाटलं, झालं.

शनिवारी सकाळी जिन्यात झाडूचा आवाज आला. मी भिंगातून पाहिलं. माझा मुलगा होता. डोक्यावर लोकरी टोपी ओढलेली, वरच्या मजल्याच्या पायऱ्या झाडत होता. आवाज होऊ नये म्हणून झाडू टेकवून टेकवून. मी उभ्या जन्मात रडले ते दोनदा, नवरा गेला तेव्हा आणि त्या दाराआड.

मग दार उघडलं आणि त्याच्या हातातला झाडू धरला.

"सोड."

"आई, हळू. लोक ऐकतील."

"ऐकू देत. साहेबाच्या हाताखाली काम ऑफिसात कर. त्याचा जिना तुझा नाही."

"तू जाशील गं परत. मला इथं राहायचंय."

मी झाडू सोडला नाही. त्यानं सोडला. आत गेला आणि दार लावून घेतलं. मी झाडू घेऊन जिन्यात उभी राहिले. अर्ध्या पायऱ्या झाडलेल्या, अर्ध्या तशाच. मी त्यांना हात लावला नाही. दुपारी मी दारात होते, तेव्हा वरचा साहेब स्वतः खाली आला आणि त्यानं माझ्याकडे न बघता राहिलेल्या पायऱ्या झाडल्या.

विमानतळावर मुलगा म्हणाला, "पुढच्या वर्षीचं बघू." याचा अर्थ मला कळतो.

नाही बोलावलं तर नाही. माझा एकच मुलगा आहे आणि तो गेला तरी चालेल असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण त्याच्या घरात ऑफिसातली बाई म्हणून मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. जी आहे ती म्हणून बोलावलं तरच जाईन. नात मोठी होईल. तिला जे सांगायचं ते मी सांगितलं आहे, ते आता कुणाला पुसता येणार नाही.

हे जर्मन माणसांनी केलं नाही. हे मराठी माणसांनी केलं, मराठीत बोलून. आणि ज्या बाईला केलं ती मी आहे.