पंडित मिस्त्री पंपात नव्हता

“पंडित मिस्त्री ज्या घडीला गेला, त्याच घडीला डोंगरातल्या पंपाचा ठोका बदलला. त्याचा जीव आत अडकला होता. साहेबांनी पंप उघडला तेव्हा आतून उसासा आला, आणि साहेब हत्यारं टाकून पळाले.”

डिंडोलीत ही हकिकत आजही अशीच सांगितली जाते. सांगणारा पंडितचा मेहुणा आत्माराम. तो साडीच्या कारखान्यात लूम चालवीत असे. पंपातले त्याला काही कळत नव्हते आणि आजही कळत नाही. ज्या साहेबावर पळाल्याचा आरोप आहे, तो मी. पंप माझा, आराखडा माझा. त्यामुळे खरे काय ते सांगण्याचा अधिकारही माझाच आहे.

नव्वदच्या दशकात इच्छापोरच्या एका वर्कशॉपमध्ये मी इंजिनियर होतो. बारडोलीच्याही पुढे, पूर्वेच्या डोंगरपट्ट्यातील एका पाड्यासाठी आम्ही हायड्रॉलिक रॅम बनवला. या पंपाला ना डिझेल लागते ना वीज. ओढ्याचे पाणी उतरत्या पाइपातून जोराने येते आणि एका उघड्या व्हॉल्व्हमधून बाहेर सांडते. वेग पुरेसा वाढला की तोच प्रवाह व्हॉल्व्ह आपटून बंद करतो. अडलेल्या पाण्याचा धक्का बसतो आणि थोडे पाणी वर चढते. मग व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, पुन्हा आपटतो. हाच त्याचा ठोका. तो अखंड चालतो आणि पाइपातून थेट वरच्या टाकीपर्यंत ऐकू जातो.

पंपावर लोखंडी घुमट असतो, एअर चेंबर. त्यातली हवा धक्का झेलते. ती हवा पाण्यात हळूहळू विरघळून जाते, म्हणून घुमटाच्या खाली बॉडीला सुईएवढे भोक ठेवतात. प्रत्येक ठोक्यानंतर पंप त्यातून थोडी हवा आत ओढतो. तेव्हा ‘हस्’ असा आवाज होतो. पाड्यातील माणसे म्हणत, पंप दम घेतो.

देखभालीसाठी पंडित महिन्यातून एकदा जात असे. तो माझ्याच हाताखाली तयार झाला होता. दसऱ्याला तो तिथे होता. नंतर दिवाळीच्या आत, डिंडोलीच्या घरी, छातीत कळ येऊन गेला.

दिवाळीनंतर पंपाची राखण करणारा रूपसिंग वर्कशॉपमध्ये आला. म्हणाला, “साहेब, पंपाने दम घेणे सोडले. आणि ठोका असा देतो, जसे आतून कोणी दार वाजवते.”

ही गोष्ट डिंडोलीला कशी पोहोचली ते ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी पंडितची पत्नी सखूबाई आणि आत्माराम माझ्या दारात उभे होते.

“व्हॉल्व्ह काढून द्या,” आत्माराम म्हणाला. “तापीत सोडू. दाजी सुटतील.”

“आणि पाड्याचं पाणी?”

“मेलेल्या माणसापेक्षा पाणी मोठं का?”

“जिवंत माणसाला विचार.”

सखूबाई मात्र भांडल्या नाहीत. “साहेब, त्यास्ले मोकया करा,” एवढेच म्हणाल्या. त्यांना मोकळे करा. त्या बाईचा चेहरा पाहून मी जीपमध्ये रूपसिंगसह तिघांची जागा केली.

आम्ही पोहोचलो तेव्हा टळटळीत दुपार होती. टाकीपाशी पाने हलत नव्हती, पाखरू बोलत नव्हते. फक्त पाइपातून ठोके येत होते. मी बनवलेल्या रॅमचा ठोका कोरडा आणि हलका असे. हा जड होता. प्रत्येक ठोक्याला टाकीच्या कडेवरील भांडी थरथरत. सखूबाईंनी पाइपाला कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग मलाच विचारले, “असा राग त्यांना कधी येत नव्हता. कोणावर चिडले असतील?”

भीती वाटली का? अंगावर काटा आला, हे नाकारत नाही. काटा येणे आणि पळणे यांत मोठे अंतर आहे.

सगळे ओढ्यात उतरलो. रूपसिंग मागून येऊन हळूच म्हणाला, “साहेब, बंध ना करता. पंप बंद नका करू. माझी बायको सात महिन्यांची आहे, ती हा चढ कशी चढेल?”

व्हॉल्व्ह ठीक होता. बोल्ट घट्ट होते. पान्याने घुमटावर टकटक केली. हवा असलेला घुमट घंटेसारखा वाजतो. हा दगडासारखा वाजला. वरपर्यंत पाणी भरले होते. हवाच नसल्याने प्रत्येक धक्का थेट लोखंडावर बसत होता. आणखी काही दिवसांनी पाइप फुटला असता.

पंप थांबवला. ठोके थांबताच ओढा अचानक मोठ्याने बोलू लागल्यासारखे वाटले. आत्मारामने लाल फडके पसरले आणि व्हॉल्व्हसाठी हात पुढे केला.

“थांब,” मी म्हणालो. घुमटातले पाणी काढले आणि हवेचे भोक शोधू लागलो. ते सापडेना. मी स्वतः ड्रिल केलेले भोक, ज्याची जागा मी डोळे मिटून दाखवली असती, तिथे नव्हते. जखम भरून वर कातडी यावी तसे लोखंड सलग झाले होते.

“बघा,” आत्माराम कुजबुजला. “दाजींनी दार लावून घेतलं.”

मी तार खुपसून पाहिली, ती वाकली. मग हातड्रिल लावले. लाल भुकटी पडली आणि भोक मोकळे झाले. पाणी सोडले, व्हॉल्व्ह हाताने चार-दोन वेळा दाबला. पंपाने ठोका धरला आणि लगेच, अगदी माणसाने घ्यावा तसा, श्वास घेतला.

धावण्याचा आवाज झाला. धावला तो आत्माराम. त्याचे फडके ओढ्यातून वाहत गेले.

सखूबाई जागच्या हलल्या नाहीत. “हे काय?”

“वहिनी, हवा आत जाते आहे. आतून कोणी बाहेर येत नाही.”

त्यांनी भोकासमोर तळहात धरला. वारा आत ओढला जातो हे त्यांना कळले, आणि पाण्याचे तुषारही लागले. मग पदराने हात पुसून रूपसिंगला म्हणाल्या, “चालू राहू दे. तुझ्या बायकोला चढायला लावू नकोस.”

पंप पुढे अनेक वर्षे चालला. त्यानंतरच्या प्रत्येक आराखड्यात मी हवेच्या भोकाभोवती गोल करून ‘येथे काहीही लावू नये’ असे लिहीत गेलो.

आत्माराम आता म्हणतो, भोक आत्म्याने बुजवले. वर्कशॉपचे काही शहाणे म्हणतात, पाड्यातल्या लोकांनी पूजेत बुजवले. दोन्ही खोटे. आमच्या धंद्यात दसऱ्याला यंत्र बंद ठेवून त्याला शेंदूर लावतात. पंडितने तेच केले आणि रूपसिंगला सांगितले, उद्या सुरू कर. तो ठोका ऐकायला स्वतः थांबला नाही. हे लिहिताना मला सुख होत नाही. पण भुतापेक्षा चुकलेला माणूस बरा. पाड्यात शेंदूर गोड्या तेलात कालवतात. तो ओलाच राहतो, पहिल्या ठोक्याला धुऊन जातो. अळशीचे तेल मात्र वाळून दगड होते, म्हणून फिटर पाइपाच्या सांध्यांना वापरतात. मी ड्रिलने काढलेली लाल भुकटी अळशीच्या तेलात वाळलेल्या शेंदराची होती, आणि त्या डोंगरात अळशीच्या तेलाची बाटली एकट्या पंडितच्या पिशवीत असे.