मुलाणी सर आणि उजवीकडे पडणारा गोळा

दस्तगीर मुलाणी सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच वर्गात, आणि खरं सांगते, घाबरले. कॉलेजात शिकवायला लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या तासाला मी आत शिरले, तर मागच्या बाकावरचे चाळिशीचे मिशीवाले गृहस्थ ताडकन उठून सावधान उभे राहिले. मला वाटलं, कुणाचे तरी वडील तक्रार घेऊन आलेत. पोरं खो खो हसली. हजेरी घेताना कळलं की हे विद्यार्थीच आहेत. मूळचे जेऊरचे, तोफखान्यात बावीस वर्षं काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. शिकून शाळेत मास्तर व्हायचं, एवढ्यासाठी त्यांनी सोलापुरात बिऱ्हाड केलं होतं.

त्यांच्याबरोबर निवृत्त झालेले बहुतेकजण चिंचोळी एमआयडीसीत कुठल्या ना कुठल्या गेटवर सिक्युरिटीला लागले होते. सरांनाही तशी जागा चालून आली होती. आपल्या लेकरांच्या वयाच्या पोरांत बसून शोभा कशाला करून घेता, असं घरच्यांचं म्हणणं. सरांनी त्यांच्याकडून एका वर्षाची मुदत मागून घेतली होती. त्यात जमलं नाही, तर गेट ठरलेलं.

वर्गात मी "समजलं का?" असं विचारलं की सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्यानं त्यांचा होकार यायचा. पहिल्या चाचणीत त्यांना वीसपैकी तीन गुण पडले. मी बोलावून जरा फैलावरच घेतलं. तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, की फौजेत शिकवून झाल्यावर उस्ताद "कोई शक?" म्हणतात आणि सगळ्यांनी "नहीं, उस्ताद" म्हणायचं असतं. बावीस वर्षं तोंडात तेच बसलेलं. मी म्हटलं, इथं उलटा हुकूम. रोज एक शंका विचारल्याशिवाय वर्गाबाहेर जायचं नाही.

बर्फात चौकी राखलेल्या या माणसाला शंका विचारताना घाम फुटायचा, हे मी पाहिलंय. पण हुकूम म्हणजे हुकूम. हळूहळू गुण वाढले आणि त्यांचं बघून इतर मुलंही विचारू लागली.

मग एके दिवशी मी फेकलेल्या वस्तूचा मार्ग शिकवत होते. सर उठले आणि म्हणाले, मॅडम, वारा अजिबात नसला तरी तोफेचा गोळा जरा उजवीकडेच पडतो, आम्ही तेवढं धरूनच नेम लावायचो, असं का होतं? मला उत्तर माहीत नव्हतं. सरळ तसं म्हणायचं की नाही? पण माझी जीभ पहिल्यापासून तिखट. मी म्हटलं, "हे कॉलेज आहे, छावणी नाही. सिलॅबसमधलं विचारा." वर्ग हसला. सर "सॉरी मॅडम" म्हणून खाली बसले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांचं घर शोधत गेले. सर सिक्युरिटीच्या नव्या गणवेशाची बटणं लावत होते. कारखान्याची बस यायची वेळ झाली होती. त्यांच्या पत्नीनं, भाभींनी, पाणी दिलं. मी पेला हातात धरूनच म्हटलं, "त्या दिवशी मला उत्तर येत नव्हतं. म्हणून ओरडले."

सरांनी राहिलेलं बटण लावलं. मग म्हणाले, "मला वाटलं, आपल्याला विचारायचं बी कळत न्हाय."

मी आज वर्गासमोर माफी मागते, असं म्हटल्यावर मात्र ते एकदम ताठ झाले. "ते न्हाय करायचं. साहेबाची चूक जवानांसमोर काढत न्हाईत. तुमी गप बसायचं. मी येतो की." बस त्यांना न घेताच गेली. त्या आठवड्यात आम्ही दोघांनी लायब्ररीत बसून उत्तर शोधलं. गोळा स्वतःभोवती फिरत जातो, त्या फिरण्यानं तो बाजूला सरकतो.

पुढं सर बी.एड. झाले आणि विज्ञानाचे शिक्षक म्हणून नावारूपाला आले. त्यांच्या शाळेत एकदा तपासणीला साहेब आले होते. मागं ते बसलेले असताना एका मुलीनं अवघड काहीतरी विचारलं. सर फळ्यापाशी उभे राहून म्हणाले, "हे मला येत नाही. उद्या बघून सांगतो." हे मला त्यांच्या मुख्याध्यापिकांनी सांगितलं तेव्हा मान खाली गेली माझी.

निवृत्त होऊन आलेल्या कितीतरी जवानांना सरांनी कॉलेजची वाट दाखवली. फॉर्म तर भरून देतातच, शिवाय पहिल्या दिवशी त्यांना लाज वाटू नये म्हणून सर स्वतः त्यांच्याशेजारी बाकावर जाऊन बसतात. आजही बसतात.

सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य मिळो, आणि वर्गात उभं राहायला गुडघ्यांनी अशीच साथ द्यावी. वीस वर्षं मी त्यांचा हुकूम पाळून गप्प राहिले. हा लेख त्यांना न दाखवताच छापायला देते आहे, कारण दाखवला असता तर त्यांनी हे खोडायला लावलं असतं. त्या वर्गातली मुलं आता चाळिशीला टेकली असतील. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं, तर त्यांना एवढं सांगते: तुम्ही चुकीच्या माणसाला हसलात. प्रश्न बरोबर होता. उत्तर बाईंना येत नव्हतं.