आईचा पाट

बडनेऱ्याच्या रेल्वे यार्डात वडिलांचा पाय गेला आणि त्याबरोबर नोकरीही गेली. आई अमरावतीला मुलींच्या शाळेत शिकवू लागली. घर तिच्या पगारावर चालू लागले, पण पुरुषांची पंगत उठल्याशिवाय बाईने जेवायचे नाही, हा नियम तसाच राहिला. आई एकतर उपाशी निघे, नाहीतर शाळेत उशिरा पोचे. शेवटी मुख्याध्यापिकेने बजावले, पुन्हा उशीर झाला तर नोकरी राहणार नाही.

दुसऱ्या सकाळी आईने आपला पाट वडिलांच्या पाटाशेजारी मांडला. माझी थोरली आत्या चुलीपासून ओरडली, "काहून वं, माणसाइच्या पंगतीत बसतं?"

आई म्हणाली, "आक्का, कमावत्याले पयले वाढा, हे तुमीच सांगता न?"

"ते माणसासाठी असते!"

वडिलांनी कुबडी बाजूला सरकवून जागा केली. "वाढ तिले, आक्का. तिले शाळा हाये. मले कुठं जायाचं हाये?"

आत्याने भाकरी तिच्या ताटात जवळजवळ आपटली. आई शांतपणे जेवली आणि वेळेवर निघाली. पुढे कितीतरी दिवस आत्या रोज बोलत राहिली, आणि आई रोज तिथेच पाट मांडत राहिली.